एक वीत खोल चाकोरी

आमची संत्र्याची बाग काटोल तालुक्यात आहे. डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून बागेपर्यंत सुमारे आठशे मीटरची पांदण आहे, आणि जुनी गाडी घ्यायचे ठरले तेव्हा, म्हणजे २०२४ च्या फेब्रुवारीत, एकही गाडी पाहण्याआधी मी मोजपट्टी घेऊन त्या पांदणीवर गेलो. पावसाळ्यात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या तोवर वाळून दगडासारख्या टणक झाल्या होत्या. वडील धुऱ्यावर उभे राहून पाहत होते. त्यांनी खाली वाकून चाकोरीत हात उभा धरला आणि म्हणाले, "एक वीत आहे. मोजपट्टी काहून पाहिजे?" मी तरीही मोजले. बहुतेक ठिकाणी खोली सतरा ते एकवीस सेंटिमीटर होती. नाल्याच्या उतारावर मात्र एका जागी ती चोवीस भरली.

हा आकडा मनात ठेवून मी कंपन्यांची माहितीपत्रके वाचायला बसलो. मारुतीच्या विटारा ब्रेझाचा तळ जमिनीपासून १९८ मिलिमीटर उंच, फोर्डच्या इकोस्पोर्टचा २००, टाटाच्या नेक्सॉनचा २०९ आणि रेनोच्या डस्टरमधील चारही चाकांना शक्ती देणाऱ्या प्रकाराचा २१०. म्हणजे सगळ्या गाड्या वडिलांच्या एका वितेच्या आसपासच्या. एक सेंटिमीटर इकडे की तिकडे यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पण गाडीत पाच माणसे बसली आणि मागे संत्र्यांचे चार क्रेट ठेवले की मागचा भाग त्याहून कितीतरी अधिक खाली बसतो, हे त्या आकड्यांत कुठेच दिसत नाही. शिवाय ट्रॅक्टरच्या दोन चाकांमधील अंतर आणि मोटारीच्या दोन चाकांमधील अंतर सारखे नसते. त्यामुळे मोटारीचे एक चाक चाकोरीत उतरते, दुसरे मधल्या उंचवट्यावर चढते, गाडी कलते आणि जो तळ पट्टीने मोजला होता तो एका बाजूने जमिनीला टेकतो. तळाच्या उंचीइतकेच महत्त्व चालवणाऱ्याने चाके कुठे ठेवावीत याला आहे, हे मला त्या कोरड्या पांदणीवर उभे राहूनच कळले.

आणि ही झाली कोरडी पांदण. गाडीची खरी गरज पडते ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. आंबिया बहाराची फळे तेव्हा झाडावर असतात आणि त्याच दिवसांत फळगळ सुरू होते. आठ दिवस बागेकडे कोणी फिरकले नाही तर झाडाखाली फळांचा सडा पडलेला दिसतो. आमच्याकडची जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात तिला पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगून लोण्यासारखी होते. चप्पल घालून दहा पावले चालले तर प्रत्येक पायाला दोन किलो माती चिकटते. टायरचेही तसेच होते. डांबरी रस्त्यासाठी बनवलेल्या टायरच्या खाचा चाकाच्या आठ-दहा फेऱ्यांत मातीने बुजतात आणि त्यानंतर चाक म्हणजे एक गुळगुळीत काळा गोळा उरतो. मागच्या चाकांनाही शक्ती मिळणारी गाडी अशा जमिनीत इतर गाड्यांपेक्षा पुढे जाते, यात शंका नाही. पण ती अडकते तेव्हा अधिक आत जाऊन अडकते आणि तिला ओढायला येणारा ट्रॅक्टरही तेवढाच आत न्यावा लागतो. गावातील जुनी माणसे पोळ्यापर्यंत त्या पांदणीत चारचाकी घालतच नाहीत.

एवढे सगळे ठाऊक असूनही मला चारही चाके ओढणारी गाडीच हवी होती, हे मान्य केले पाहिजे. त्यामागे एक रात्र होती. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये वडिलांच्या छातीत दुखू लागले म्हणून गावाहून भावाचा मला नागपुरात रात्री दीड वाजता फोन आला. मी आमच्या तेव्हाच्या बारा वर्षे जुन्या लहान गाडीत बसलो, चावी फिरवली आणि 'टक्' असा एकच आवाज आला. स्टार्टर गेला होता. तसे तो आधी दोनदा अडखळला होता आणि मी ते पुढे ढकलले होते. शेवटी शेजाऱ्यांची गाडी घेऊन मी काटोल नाका ओलांडला तेव्हा पावणेतीन झाले होते. वडिलांना नागपूरला आणले, उपचार झाले, ते आता बरे आहेत. मात्र त्या रात्रीचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर पांदणच येत असे, चिखल येत असे, आणि मी त्यावरचा उपाय म्हणून चिखलातून जाणारी गाडी शोधत होतो. प्रत्यक्षात त्या रात्री आम्ही चिखलापर्यंत पोहोचलोही नव्हतो. गाडी त्रिमूर्तीनगरातील आमच्या फाटकातूनच निघाली नव्हती.

गाडी काय करू शकते आणि गाडी काय करीलच, या दोन गोष्टी मी एकच समजत होतो. पहिली गोष्ट कारखान्यात ठरते आणि त्या जातीच्या सगळ्या गाड्यांना सारखीच लागू पडते. दुसरी मात्र एकेका गाडीची स्वतंत्र असते. आधीच्या मालकाने तेल कधी बदलले, उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये काय ओतले, ती कोणत्या पाण्यात उभी होती, आणि इथून पुढे तिला हात लावणारा जाणकार माणूस आपल्या गावात आहे की नाही, यावर ती ठरते. नवी गाडी घेणाऱ्याला हा फरक फारसा जाणवत नाही. जुनी घेणाऱ्याचा सगळा व्यवहार याच फरकावर उभा असतो.

नागपुरात त्या वर्षी जुनी गाडी घेणाऱ्याला एक जास्तीची काळजी होती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, मोरभवन या भागांत उभ्या असलेल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. त्या गाड्या कुठे तरी जाणारच होत्या. मार्चमध्ये शहरातील एका विक्रेत्याच्या आवारात मी एक चकचकीत पांढरी गाडी पाहिली. किंमत बाजारभावापेक्षा लाखभर कमी आणि आत अत्तराचा दर्प. माझ्यासोबत खामल्यातील आमचे मिस्त्री होते. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. मागच्या सीटवर बसून सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढला. पट्ट्याचा जो भाग एरवी कधीच बाहेर येत नाही, त्यावर सुपारीएवढ्या रुंदीची मातकट रेघ होती आणि रेघेच्या खालचा पट्टा वरच्यापेक्षा किंचित कडक झाला होता. मग त्यांनी स्टेपनी उचलली. खालच्या खोबणीच्या कोपऱ्यात बोटाला लागेल एवढा बारीक गाळ होता, पिठासारखा. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले होते. तीन-चार वर्षांच्या गाडीत ते गंजण्याचे काही कारण नसते.

विक्रेत्याने गाडी पुरातली असल्याचे साफ नाकारले. मी विम्याचा कागद मागितला. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या त्या पॉलिसीत 'नो क्लेम बोनस' शून्य होता. दावा न करता एक वर्ष गेले की हा बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातील सूट, वीस टक्के मिळतो आणि पाच वर्षांत पन्नास टक्क्यांपर्यंत चढतो. दावा केला की तो शून्यावर येतो. पॉलिसीचे नूतनीकरण नव्वद दिवसांहून अधिक रखडले तरीही तो जातो, त्यामुळे केवळ या शून्यावरून निवाडा करता येत नाही. पण गाळ, गंज आणि शून्य हे तिन्ही एकत्र आल्यावर विचारण्यासारखे काही उरले नव्हते. पाण्यात बुडालेल्या गाडीचे इंजिन दुरुस्त होते. विजेच्या जोडण्यांत शिरलेली ओल मात्र महिनोन्‌महिने आपले काम करीत राहते; आज काच वर जात नाही, पुढच्या पावसाळ्यात एअरबॅगचा दिवा लागतो आणि एखाद्या रात्री गाडीच चालू होत नाही. माझी भीती नेमकी तीच होती.

एप्रिलमध्ये मला हवी तशी डस्टर सापडली. २०१६ ची, एमएच-३१ क्रमांकाची, ११० अश्वशक्तीच्या दीड लिटर डिझेल इंजिनाची आणि चारही चाके ओढणारी. गोरेवाड्याच्या पुढे काटोल मार्गावरच्या एका कच्च्या उतारावर मी ती चालवली. समोरचे गोल बटण 'ऑटो'वर ठेवले की एरवी पुढचीच चाके ओढतात आणि ती घसरू लागली तरच मागच्या चाकांकडे शक्ती जाते. 'लॉक'वर ठेवले की मंद वेगात पुढे-मागे सारखीच वाटली जाते. पहिला गिअर मुद्दाम इतका आखूड ठेवला आहे की ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवताही गाडी मुरमाड चढ मुंगीच्या चालीने चढून जाते. मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असल्याने खड्ड्यांतून जाताना पाठीला जो आराम मिळाला, तो या किमतीच्या दुसऱ्या कोणत्याही गाडीत मला मिळाला नाही. ही गाडी मनापासून आवडली होती आणि आजही आवडते.

मिस्त्रींनी ती लिफ्टवर चढवली आणि अर्धा तास काही बोलले नाहीत. इंजिनाविषयी त्यांना चिंता नव्हती. हेच इंजिन निसानच्या सनी आणि टेरानोमध्ये, महिंद्राच्या लोगान आणि व्हेरिटोमध्येही बसवले जात असे, त्यामुळे त्याचे भाग मिळतात आणि त्याला हात लावणारे मिस्त्री नागपुरात पुष्कळ आहेत. मात्र त्याचा टायमिंग बेल्ट रबरी असतो. तो ठरावीक अंतरानंतर किंवा ठरावीक वर्षांनंतर बदलावाच लागतो. चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावे लागते. या गाडीचा बेल्ट कधी बदलला याचा एकही कागद मालकाकडे नव्हता. दुसरे म्हणजे पुढचे दोन टायर नवे होते आणि मागचे दोन २०१७ चे. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. '३११७' म्हणजे २०१७ चा एकतिसावा आठवडा. साध्या गाडीत अशी जोडी चालून जाते. चारही चाके ओढणाऱ्या गाडीत नवे आणि झिजलेले टायर एकत्र असले की त्यांचा घेर सारखा राहत नाही, पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि मधल्या जोडणीला विनाकारण ताण पडून ती तापत राहते. मालकाला याची कल्पनाच नव्हती. गाडीत खोट नव्हती. तिची निगा राखणाऱ्याला ती कोणत्या जातीची आहे हे ठाऊक नव्हते.

खाली उतरल्यावर मिस्त्री म्हणाले, "गाडी लय भारी आहे, जी. बेल्ट मी टाकून देतो, टायर तुम्ही टाका. पण मागचा डिफरन्शियल बोलला तर काटोलात त्याला कोणी हात लावत नाही. अन् ही गाडी बनणंच बंद झालं आता." त्यांचे म्हणणे खरे होते. पहिल्या पिढीच्या डस्टरचे भारतातील उत्पादन २०२२ मध्ये थांबले. इंजिनाचे भाग इतर गाड्यांच्या जिवावर मिळत राहतील, पण डिफरन्शियलसकट मागच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या त्या खास यंत्रणेचे भाग फक्त याच गाडीचे. वर्षातले पंधरा दिवस उपयोगी पडणारी वस्तू मला उरलेल्या साडेतीनशे दिवस सांभाळायची होती, आणि तिची खरी गरज भासेल त्या पंधरा दिवसांतही गावातील लोक पांदणीत गाडी घालत नाहीत. तो हिशेब घरी येऊन मी पत्नीला सांगितला. तिने एवढेच विचारले की रात्री दीड वाजता यांपैकी कोणती गाडी नक्की निघेल. मी डस्टरचा नाद सोडला. सोडताना वाईट वाटले.

पेट्रोल गाड्यांचा विचार मी थोडक्यात आटोपला. आठवड्याला काटोल, महिन्यातून एकदा अमरावती आणि अधूनमधून समृद्धी महामार्ग एवढे फिरणे असल्यावर डिझेल परवडते. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या, कडक मानकाच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो जाळून साफ व्हायला गाडी बराच वेळ सलग वेगात चालावी लागते. रोज त्रिमूर्तीनगर ते सिव्हिल लाइन्स एवढीच फेरी असेल तर तो तुंबत जातो. मी त्यापेक्षा बीएस-४ च्या, म्हणजे त्याआधीच्या मानकाच्या, शेवटच्या वर्षांतील गाडी पसंत केली. तिचा धूर नव्या गाडीइतका स्वच्छ नाही याची मला जाणीव आहे, आणि ही निवड मी त्या जाणिवेसह केली आहे.

मे महिन्यात वर्ध्याच्या एका निवृत्त शिक्षकांची २०१८ ची विटारा ब्रेझा विकायची असल्याचे कळले. तिचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन मूळ फियाटचे. स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा आणि टाटाच्या कित्येक गाड्यांतून ते इतके फिरले आहे की तालुक्याच्या गावातील मिस्त्रीसुद्धा ते डोळे मिटून खोलतो. त्यात रबरी बेल्टऐवजी साखळी असते. कंपनीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणे थांबवले असले तरी रस्त्यावरची संख्या एवढी मोठी आहे की भागांची चणचण लवकर भासणार नाही. शक्ती नव्वद अश्वशक्ती, ओढणारी चाके पुढचीच दोन.

मी गुरुजींना फोनवर एकच विनंती केली होती की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. सकाळी साडेसहाला पोहोचलो आणि आधी बॉनेटवर हात ठेवला. ते थंड होते. गरम इंजिन पुष्कळ दोष झाकते. थंड इंजिनाने पहिल्या चावीला दाद दिली, क्षणभर थोडा काळसर धूर आला आणि लगेच थांबला. निळा धूर दिसला असता तर इंजिन तेल खात होते आणि पांढरा टिकून राहिला असता तर कूलंट आत शिरत होते. तेलाचे झाकण उघडून उलटे केले. त्यावर दुधट साय नव्हती. कूलंट हिरवट आणि स्वच्छ होते. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी कमी झाले की लोक नळाचे क्षारयुक्त पाणी ओततात आणि ते दोन वर्षांत आतून तांबूस होते. रंगाचा थर मोजणारे यंत्र मी उसने आणले होते. सगळीकडे आकडा शंभर ते एकशेतीस मायक्रॉनच्या दरम्यान येत होता. डाव्या बाजूच्या मागच्या दाराकडे वळण्याआधीच गुरुजी म्हणाले, "ते दार रंगवलेलं आहे. सेलूजवळ गाय आडवी आली होती. गाय वाचली, दार चेपलं." यंत्राने तिथे दोनशे चाळीस दाखवले.

मला ती गाडी तिथेच पटली, हे इथे लिहिले पाहिजे, कारण निर्णयाची उरलेली कारणे मी नंतर गोळा केली. ज्या माणसाने न विचारता दाराविषयी सांगितले, त्याने तेलाविषयी खोटे सांगितले नसावे, हा माझा तर्क होता. तर्कावर सगळे सोडले मात्र नाही. प्लास्टिकच्या पिशवीत सर्व्हिसची बिले होती, त्यांतील दोन वर्षांची नव्हती; ती २०२० आणि २०२१ ची, गाडी जवळपास उभीच असतानाची. बिलांवरील किलोमीटर एकापुढे एक चढत बासष्ट हजारांपर्यंत आले होते आणि क्लच पेडलच्या रबराची झीज त्या आकड्याला शोभणारी होती. बोनस पन्नास टक्के होता. तो गाडीबरोबर माझ्याकडे येणार नव्हता, कारण तो मालकाचा असतो, पण त्याने मला पाच वर्षांची साक्ष दिली.

शेवटची परीक्षा नागपूरच्या उन्हात घेतली. दुपारी दोनला, पारा चव्वेचाळीसच्या पुढे असताना, गाडी सीताबर्डीत व्हेरायटी चौकाकडे जाणाऱ्या गर्दीत नेली आणि एसी पूर्ण लावून वीस मिनिटे थांबत-सरकत राहिलो. वेग मिळाला की रेडिएटरला वारा लागतो. गर्दीत त्याला फक्त पंख्याचा आधार असतो आणि अशक्त पंखा, चोंदलेला कंडेन्सर, थकलेला वॉटर पंप यांची लबाडी तिथे उघडी पडते. तापमानाचा काटा मध्यावर येऊन स्थिर राहिला आणि एसीचा गारवा कमी झाला नाही. डाव्या पुढच्या चाकाकडून मात्र खडबडीत जागी 'कट्-कट्' असा आवाज येत होता. मिस्त्रींनी खाली वाकून टॉर्च मारली. चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मच्या रबरी बुशला भेगा पडल्या होत्या. सहा वर्षांच्या वैदर्भीय उन्हाने रबराचे तेच होते. त्याचे आणि पाच नव्या टायरांचे पैसे किमतीतून वजा करून व्यवहार सहा लाख पंच्याहत्तर हजारांना ठरला. जुन्या टायरांच्या खाचा अजून बऱ्या दिसत होत्या, पण समृद्धीवर मे महिन्यात ताशी १२० च्या मर्यादेजवळ तास-तास चालताना सहा वर्षांच्या रबरावर भरवसा ठेवण्याची माझी तयारी नव्हती. मालकी बदलाच्या नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्या. गाडीवर कर्ज नव्हते, त्यामुळे बँकेच्या दाखल्याचा प्रश्न आला नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवसांच्या पावसानंतर फळगळ पाहायला मी पहिल्यांदा ती गाडी घेऊन गेलो. डांबर संपते तिथे हातपंपाजवळ एक मोठा कडुनिंब आहे. गाडी त्याच्याखाली लावली, मागून गमबूट काढले आणि आठशे मीटर चालत निघालो. मोजपट्टीने मोजलेल्या चाकोऱ्या पाण्याने काठोकाठ भरलेल्या होत्या आणि नाल्याच्या उतारावर कुणाच्या तरी ट्रॅक्टरचे ताजे, गुडघ्याएवढे खोल व्रण होते. वडील बागेच्या तोंडाशीच भेटले. माझ्या मागे पाहत त्यांनी विचारले, "गाडी कुठं आहे?"

"कडुनिंबाखाली."

"बरं केलं," ते म्हणाले आणि झाडांखाली पडलेली फळे दाखवायला पुढे चालू लागले. अंधार पडता पडता आम्ही दोघे परत डांबरीपर्यंत आलो. त्यांना दुसऱ्या दिवशी नागपूरला तपासणीसाठी न्यायचे होते. हातपंपाच्या ओट्यावर बसून त्यांनी काडीने बुटांची माती खरवडून काढली, मग माझ्याही. चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली.